प्लेट स्वच्छ आहे

"लग्न ठरलंय का हिचं कुठं?"

डॉक्टरांचा आवाज हिरव्या पडद्यापलीकडून आला. मी अलीकडे तपासणीच्या उंच टेबलावर बसून काढून ठेवलेल्या पिना पुन्हा केसांत खोचत होते. बाबा म्हणाले, "नाही अजून. दोन ठिकाणी बोलणं चाललंय."

"मग जरा थांबा," डॉक्टर म्हणाले. "घाई नको."

नंतर त्यांनी एक्सरेची प्लेट उजेडासमोर धरली असावी. पातळ पत्रा हलवल्यावर येतो तसा आवाज आला. मग डॉक्टर हळू म्हणाले, "हा इथं. पांढरा. दिसतोय?" आणि बाबा म्हणाले, "हो." काहीही दिसत नसताना म्हणावं तसं ते 'हो' होतं.

बाहेर आल्यावर बाबांनी मला काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. टांग्यात त्यांनी प्लेटचं मोठं पिवळं पाकीट मांडीवर उभं धरलं आणि वाटभर त्यावर हाताची सावली केली. सोलापुरातलं एप्रिलचं ऊन. मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि मनात म्हटलं, माझं लग्न थांबवण्यासारखं काहीतरी त्या पाकिटात आहे.

हे का लिहिते आहे

माझं शिक्षण इंग्रजीत झालं. मराठी मी बोलते, लिहीत फारसं नाही. पण हे आईला आणि आत्याला कोणी वाचून दाखवलं तर समजायला हवं. शिवाय ज्यांचं अर्धं डोकं दुखतं, फोटो काढला की ज्यांना 'काही नाही' असं सांगून घरी पाठवतात, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं तर मराठीतच पडेल. मी बरी झालेली नाही, हे आधीच सांगते. मला फक्त माझं दुखणं ओळखता येऊ लागलं आहे.

अर्धा फळा

पहिल्यांदा झालं तेव्हा मी नववीत होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फळ्यावर लिहीत होत्या आणि त्यांच्या शब्दांचा मागचा अर्धा भाग नाहीसा झाला. मी डोळे चोळले. नाहीशा झालेल्या जागी वेड्यावाकड्या चमकत्या रेघा हलू लागल्या, उन्हात काचेचे तुकडे हलावेत तशा. थोड्या वेळाने रेघा गेल्या, अक्षरं परत आली, आणि उजव्या कानाच्या वर कोणीतरी आतून अंगठा दाबायला सुरुवात केली.

आमच्या शाळेत डोकं दुखतंय हे कवायत चुकवणाऱ्या मुलींचं कारण होतं. म्हणून मी ते कधी सांगितलं नाही. घरी येऊन मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर गाल टेकून पडत असे. उलटी झाली की फरशी बरी वाटायची. मिलचा भोंगा झाला की तो दातांत वाजायचा. आई विचारायची, "काय गं, काही खाल्लंस का बाहेर?" मी मान हलवायची. हो किंवा नाही, जे तिला सोपं वाटेल ते.

मी घरात फारशी बोलत नसे. दोन्ही भाऊ मोठ्याने बोलत, बाबा त्यांच्याहून मोठ्याने. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क, घरीही त्यांना प्रत्येकाचं येणं-जाणं माहीत असावं लागे. एका माणसाने गप्प बसलं तर त्या घराची सोयच होती.

बी.ए.च्या परीक्षेनंतर दुखणं वाढलं. पूर्वी महिन्यातून एकदा यायचं ते आता आठवडाही सोडीना. एकदा मी उलटी करून न्हाणीघरातच पडले आणि मग डॉक्टर आले.

आत्या

त्या वेळी माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. बाबांची थोरली बहीण. मोहोळजवळच्या खेड्यात तिची थोडी जमीन, दोन म्हशी, एक विधवा सून. बाबा तिला 'अक्का' म्हणत आणि तिच्यासमोर कधी नव्हे ते हळू आवाजात बोलत. देवऋषी, अंगारे, उतारे यांचा मात्र बाबांना तिटकारा. एकदा तिने दारात लिंबू टाकलं म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून आत्या आमच्या घरी देवाचं नावही जपून घ्यायची.

मी अंधार करून पडले की ती उशाशी येऊन बसायची.

"लई ठणकतंय व्हय गं, नंदे?"

मी बोलत नसे.

"नगं बोलूस. कुटं दुकतंय तेवढं बोट लावून दाव."

मी उजव्या कानाच्या वर बोट लावायची. ती माझी वेणी सैल करायची आणि तिथे, केसांच्या मुळांशी, काहीतरी थंड, जाडसर दाबायची. तिळाच्या तेलाचा वास यायचा. मला वाटायचं, तेल आहे. तिच्या बोटांना वजन होतं. दुखणं थांबत नसे, पण तेवढा वेळ ते माझ्या एकटीचं राहत नसे.

डोकं दुखत असताना न्हायचं नाही असा आईचा नियम. आणि डोकं सारखंच दुखत होतं.

प्लेट

एक्सरे काढणाऱ्या माणसाने मला कानातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना काढायला सांगितलं. सगळं एका वाटीत ठेवलं. थंड टेबलावर गाल टेकवून त्याने माझं डोकं वाळूच्या पिशव्यांनी आवळलं. "हलू नका, ताई. श्वास धरा." बाजूने एक फोटो झाला. समोरून काढताना मला उबळ आली आणि मी हलले. मग वीज गेली, ती दुपारपर्यंत आली नाही. हललेली, पुसट झालेली दुसरी प्लेट डॉक्टरांनी बाजूला ठेवली. पहिल्या प्लेटवर मात्र उजव्या बाजूला, कानाच्या वर, जिथे मी आत्याला बोट लावून दाखवत असे नेमक्या त्याच जागी, पांढरा डाग होता.

हे ऐकून आई घरी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "दुखतं तिथंच आहे?"

"तिथंच," बाबा म्हणाले.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. भीती होतीच. भीतीच्या खाली किंचित समाधान होतं. इतकी वर्षं जे मी कोणाला सांगितलं नाही, ते शेवटी कोणाला तरी दिसलं होतं.

भीती रात्रंदिवस वाढत गेली, ते समाधान मात्र पुण्याला जाईपर्यंत टिकलं.

मोहोळ स्टेशन

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचे डॉक्टर होते. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. बाबा, आई आणि मी सकाळच्या गाडीने निघालो. आत्या तोवर तिच्या गावी परतली होती, पण तिला निरोप गेला होता. मोहोळला गाडी थांबली तर ती फलाटावर उभी, कडेला भाकरीचं गाठोडं.

"खिडकीशी ये, पोरी."

मी डोकं गजांशी टेकवलं. तिने हात आत घातला, माझी वेणी बाजूला केली आणि सगळी बोटं त्या जागेवर दाबली. या वेळी बराच वेळ, बरंच जोरात. गार्डाची शिट्टी झाली तरी ती हात काढीना. बाबा पलीकडच्या बाजूला पाणी भरायला उतरले होते.

"जा. भिऊ नगंस. काय न्हाय व्हनार," ती म्हणाली. गाडी हलली तेव्हा तिचा हात गजांतून निसटला आणि तिने तो घाईने लुगड्याला पुसला.

आईने ते पाहिलं. तिला वाटलं, माया.

सरूबाई

बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर टेंभुर्णीच्या सरूबाई होत्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. डोकं पूर्ण भादरलेलं, त्यावर पदर. पहिल्या दिवशी मी चोरून पाहिलं ते त्यांनी पकडलं.

"बघ की नीट. लाजायचं काय त्यात? आमच्या दारची म्हसरंबी उनाळ्यात भादरत्यात." त्या हसल्या. "क्यास उगवत्यात, बाय. डोस्कं ऱ्हायलं पायजे खाली."

त्यांच्या नवऱ्याची हमरस्त्यावर चहाची गाडी होती. तो रोज येऊ शकत नव्हता. सरूबाईंची पाठीत सुई घालून डोक्यात हवा सोडायची तपासणी झाली होती. हवा गेली की मेंदूतल्या मोकळ्या जागा प्लेटवर दिसतात. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "हवा आत गेली की डोस्क्यात कुकरची शिट्टी अडकल्यावानी व्हतं. पन मरत न्हाई मानूस. मी हाय की."

माझ्याही नव्या प्लेटा निघाल्या. मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी शिकणाऱ्या मुलांचा घोळका घेऊन माझ्या पायथ्याशी उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले. वॉर्डात अशीच पद्धत होती. आजाऱ्याला कळू नये ते इंग्रजीत. सोलापूरच्या, वेणी घातलेल्या, खाली मान घालून बसलेल्या मुलीला ते कळेल असं कोणाला वाटलं नाही.

ते म्हणत होते, पंधरवड्यात डाग मोठा झाला आहे. थोडा सरकलाही आहे. समोरून पाहिलं तर तो हाडाच्या कडेला दिसतो, म्हणजे हाडात सुरू होऊन आत गेला असेल. नजर जाते, उलट्या होतात, एकाच बाजूला दुखतं, सगळं जुळतं. डोक्यात जागा व्यापणारं काहीतरी आहे. आधी हवेची तपासणी, त्यात दिसलं तर कवटी उघडून पाहू.

जागा व्यापणारं काहीतरी. मी घरात, वर्गात, टांग्यातसुद्धा इतकी कमी जागा घेत आले होते. आणि हे माझ्या आत न विचारता पसरत होतं.

घोळका पुढच्या खाटेपाशी गेला. तिथेही इंग्रजी चालू राहिलं. सगळे गेल्यावर सरूबाई कुशीवर वळल्या.

"तू इंग्लिश शाळंतली म्हनं. तुजी आई सांगत हुती."

"हो."

"मंग माजं काय म्हनले त्ये सांग की."

मला खोटं सुचेना. खोटं बोलायलाही बोलण्याची सवय लागते. मी अगदी हळू म्हणाले, "उशीर झालाय म्हणाले. पण ऑपरेशन करणार आहेत."

त्या छताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालकाला म्हनले हुते, येळेवर आनलंत. आसूदे. बरं केलंस सांगितलंस. मला वाटत हुतं मीच उगी भीतीय." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आन् तुजं?"

"माझंही काही चांगलं नाही म्हणाले."

"आईला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

नारिंगी पाणी

माझ्या तपासणीच्या आदल्या दुपारी सिस्टर कात्री घेऊन आल्या. आधी केस स्वच्छ धुऊन घ्या, मग उजवी बाजू भादरायची, म्हणाल्या. हवेने नीट दिसलं नाही तर लगेच पुढची तयारी हवी. आई मला वॉर्डाच्या मोरीत घेऊन गेली. मी पाटावर बसून डोकं पुढे वाकवलं. तिने तांब्याने पाणी ओतलं, शिकेकाई लावली, चोळलं.

माझ्या तोंडावरून ओघळून फरशीवर पडलेलं पाणी लाल होतं.

आई ओरडली नाही. तांब्या मात्र तिच्या हातून पडला. तिला वाटलं, माझं डोकं आतून फुटलं. मलाही तेच वाटलं. मी वाकलेलीच राहिले. दुखत नव्हतं, हे मला विचित्र वाटलं. मरताना दुखत नसेल, असं मनात आलं.

मग आईने माझ्या कानावरचे केस बाजूला केले. तिची बोटं थांबली. तिने बोट नाकाशी नेलं.

"तेल आहे," ती म्हणाली. पुन्हा वास घेतला. "शेंदूर आहे गं हा."

पाणी लाल नव्हतंच, नारिंगी होतं. केसांच्या मुळांशी शेंदराचा जाड थर बसला होता, तेलात कालवून वाळलेला, बोटाच्या पेराएवढा रुंद. त्याखाली जुन्या, काळपट पडलेल्या थराच्या खपल्या. आईने नखाने एक खपली काढून तळहातावर ठेवली. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो.

"अक्कांच्या गावचा म्हसोबा," आई म्हणाली. "डोकं धरलं की त्याचा शेंदूर लावतात तिकडं. कपाळाला लावतात." मग जरा वेळाने: "तुला इंग्लिश शाळेतली म्हणून लाज वाटेल, आणि ह्यांना राग येईल, म्हणून केसांत लावला असेल."

मला लगेच समजलं नाही. आईलाच आधी समजलं. तिने माझ्या कानावर बोट ठेवलं, मग मोरीच्या भिंतीवर, प्लेटवर डाग जिथे होता त्या उंचीवर.

"हे फोटोत येत असेल का गं?"

मी शाळेत शिकले होते की शिशातून एक्सरे जात नाहीत. शेंदूर शिशाचा करतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

आई पाटाशेजारी ओल्या फरशीवर बसली. "सांगायचं कसं डॉक्टरांना? काय म्हणतील? एवढी शिकलेली मुलगी, आणि..." तिने माझे केस पुन्हा धुवायला घेतले. "आता निघालंच आहे. उद्या त्यांच्या तपासणीत काही नाही दिसलं की सोडतील आपोआप. कशाला बोलायचं?"

उद्याच्या तपासणीत पाठीत सुई जाणार होती. कदाचित कवटीला भोकं पडणार होती. आईला हे माहीत होतं. तरी माझी अब्रू तिला माझ्या डोक्याहून नाजूक वाटली. आणि मी, जिला एक वाक्य बोलायचं होतं, ओले केस पिळत गप्प उभी राहिले.

बोलले बाबा. ते भेटीच्या वेळी आले आणि त्यांना नारिंगी झालेला टॉवेल दिसला. आईला सांगावं लागलं. बाबांचा चेहरा इतका पांढरा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी टॉवेल उचलला, तसाच ओला हातात धरून लांब व्हरांड्यातून डॉक्टरांच्या खोलीकडे चालत गेले. वाटेतले लोक त्यांना वाट देत होते. त्यांनाही ते रक्तच वाटलं असेल.

हसू

त्याच संध्याकाळी पुन्हा प्लेट काढली. डाग नव्हता.

मोठे डॉक्टर स्वतः आले. भला माणूस. त्यांनी तिन्ही वेळच्या प्लेटा खिडकीला लावून मुलांना दाखवल्या आणि या वेळी मराठीत बोलले. "शिका. कानातलं काढायला सांगता, पिना काढायला सांगता. देव काढायला कोण सांगणार?" मुलं हसली. सिस्टर हसल्या. बाबा हसले, डोळे पुसत हसले. आई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. मीही हसले. माझी कवटी उघडणार नव्हते.

हसण्यात नव्हत्या त्या फक्त सरूबाई. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांचा डाग धुऊन जाणार नव्हता.

डॉक्टरांनी नंतर बाबांना बाजूला घेतलं. मी ऐकत होते. "हिला अर्धशिशी आहे. मायग्रेन. तिचा फोटो येत नाही. प्लेट स्वच्छ असते, हवा सोडली तरी काही दिसत नाही, आणि माणूस मात्र लोळत असतो. वर्षानुवर्षं येईल, जाईल. गोळी देतो, सुरू होताच जिभेखाली धरायची. अंधारात पडू द्या. खोटं समजू नका."

बाबा मान डोलवत होते. वॉर्डात परत येऊन ते आईला म्हणाले, "प्लेट स्वच्छ आहे. काही नाही तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षरं अर्धी झाली. रेघा आल्या. वॉर्डाच्या उंच खिडक्यांतून ऊन थेट माझ्या खाटेवर येत होतं. मी सिस्टरांना खूण केली. "आता कसलं डोकं दुखतंय?" त्या प्रेमाने म्हणाल्या. "देव उतरला ना?" आई फळं आणायला गेली होती. मी उशीत तोंड खुपसलं.

मग ऊन गेलं. डोळे किलकिले करून पाहिलं तर सरूबाई खाटेवर उभ्या होत्या, एका हाताने भिंत धरून, आणि आपलं धुतलेलं लुगडं खिडकीच्या गजांत खोचत होत्या. त्यांना उभं राहायला मनाई होती.

"पड गप," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय."

आम्ही निघालो त्या सकाळी त्यांना ऑपरेशनला नेलं. जाताना त्यांनी हात वर केला. लुगडं अजून खिडकीतच होतं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. टेंभुर्णीवरून कधी गेले तर चहाच्या गाड्या पाहते, पण उतरून विचारलेलं नाही.

घरी

मिलच्या चाळीत आमच्या आधीच बातमी पोचली होती की हेडक्लार्कच्या मुलीच्या डोक्यात काहीतरी आहे. ती पुसून काढायला बाबांनी शेंदराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ते ती छान सांगत. व्हरांड्यातलं चालणं, लोकांनी दिलेली वाट, 'देव काढायला कोण सांगणार'. प्रत्येक वेळी शेवट तोच: प्लेट स्वच्छ. ते हे माझ्यासाठी करत होते, हे मला कळत होतं. बोलणी चाललेल्या दोन ठिकाणांपैकी एकाने नकार कळवला होता.

गोष्ट मोहोळलाही पोचली. आत्या यायची थांबली. आईने निरोप धाडले, तर "म्हशी हायत" एवढंच उत्तर येई.

घरात मी पडून राहिले की भाऊ दारातून म्हणायचे, "काय गं, शेंदूर आणू का?" ते वाईट नव्हते. त्यांच्या लेखी आजार संपला होता आणि मला तो सोडवत नव्हता. आई दिवा बंद करायची, पण जाताना म्हणायची, "मनातून काढ बाळ. डॉक्टर म्हणालेत ना, काही नाही." गोळी कधी लागू पडायची, कधी नाही. मला कधीकधी तो पांढरा डाग आठवायचा. त्या पंधरवड्यात सगळे माझ्याशी हळू बोलत होते. कोणी आजार परत मागत नाही. पण साक्षीदार गेल्यासारखं वाटायचं.

आता म्हणे मुंबईत असं यंत्र आलं आहे, की डोकं न उघडता त्याच्या आडव्या चकत्यांचे फोटो काढतं, काकडीच्या चकत्या कराव्यात तसे. मला त्यात जाऊन पाहावंसं वाटतं. पण मला वाटतं, तिथेही माझं डोकं स्वच्छच दिसेल. ज्यांना असं सांगितलं जाईल त्यांना एवढंच सांगते: स्वच्छ प्लेट ही चांगली बातमी आहे, तिच्यावर रडू नका. पण ती पूर्ण बातमी नाही. घरातल्या निदान एका माणसाला उरलेली बातमी सांगा. मला ते जमायला पुढचा जानेवारी उजाडला.

गड्डा

जानेवारीत, संक्रांतीला, सोलापुरात गड्ड्याची मोठी जत्रा भरते. आमच्याकडे पाहुणे असतातच. त्या वर्षी आईने स्वतः मोहोळला जाऊन आत्याला आणलं. ती आल्यापासून स्वयंपाकघरातच होती. माझ्याकडे पाहत होती, पण माझ्या डोक्याला हात लावत नव्हती. दोन्ही हात पदराखाली ठेवून बसायची.

दुसऱ्या संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. त्यांचा भाचा बँकेत होता. कशाला आले आहेत हे कोणी म्हटलं नाही, पण आईने मला साडी बदलायला लावली. बाबांनी बाहेरच्या खोलीत नवीनच ट्यूबलाइट बसवली होती. तिचा पांढरा उजेड भिंतींवरून परत येत होता. दुपारपासून माझ्या डोळ्यांपुढे रेघा येत-जात होत्या. मी गोळी घेतली होती, ती उलटून पडली होती. चहाचा ट्रे ठेवून मी खुर्चीच्या कडेला बसले. त्या बाईंच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भागच मला दिसत होता.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बाई जपून म्हणाल्या, "मध्ये हिला बरं नव्हतं म्हणे?"

बाबांनी आनंदाने गोष्ट सुरू केली. मोहोळ स्टेशन आलं, मोरी आली, टॉवेल आला. गृहस्थ गुडघ्यावर थाप मारून हसले. "म्हणजे म्हसोबाच बसला होता की डोक्यात!"

"आणि बसवणारी आत आहे," बाबा म्हणाले. "अक्का, या की बाहेर. तुमची कीर्ती ऐका."

आत्या दाराच्या चौकटीत आली. कोणीतरी हाक मारली की यावं लागतं म्हणून आली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मला काय ठावं, बाबा," ती म्हणाली. "पोरगी तळमळत हुती." पुन्हा हशा झाला. पदराखाली तिचे हात एकमेकांत घट्ट धरलेले मला दिसले.

बाईंनी कप खाली ठेवला. कप बशीवर टेकला तो माझ्या दातांत वाजला.

"मग आता काही नाही ना?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "प्लेट अगदी स्वच्छ. दाखवू का? ठेवलीय मी."

ते उठू लागले. आई माझ्याकडे पाहत होती, मी नेहमीसारखी खाली पाहीन म्हणून. मी तशीच खाली पाहणार होते. पण उजेड खालच्या फरशीतूनही वर येत होता.

"आहे," मी म्हणाले.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. बाबा अर्धवट उठलेले तसेच थांबले.

"मला अर्धशिशी आहे. ती प्लेटमध्ये दिसत नाही. तेव्हाही दुखत होतं, आत्ताही दुखतंय. आत्याला हसू नका. बाबा, तो दिवा बंद करा."